क्लोनमधली नोंद

वाशी या तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात मी कॉम्प्युटरचं काम बघतो. पेशंटच्या नोंदींचा मूळ डेटाबेस सर्व्हरवर, आणि नोंदी टाइप करणाऱ्या नव्या मुलींचा हात बसावा म्हणून त्याचा हुबेहूब क्लोन माझ्या लॅपटॉपवर. क्लोन रोज रात्री आपोआप पुसला जाऊन मुळावरून नवा तयार व्हायचा. बॅकअप फक्त मुळाचा. नकलेचा बॅकअप घेऊन काय लोणचं घालायचंय का, असं मीच म्हणालो होतो.

खंडेनवमीला डॉक्टरांनी सर्व्हरला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि बजावलं, "आज याला हात लावायचा न्हाय." पण पेशंट काही नवमी बघून आजारी पडत नाहीत. दिवसभराच्या नोंदी मी क्लोनमध्ये घेतल्या, उद्या मुळात चढवू म्हटलं. रात्रीचं पुसणं बंद करायला साफ विसरलो.

सकाळी आदल्या दिवसाची एकही नोंद उरली नव्हती. पावतीपुस्तकातली नावं, गावं, नंबर बघून अख्खा दसरा पेशंटना फोन करण्यात गेला. तेच तेच विचारून घसा बसला. राहिल्या एक मावशी. त्यांच्याकडे फोन नव्हता. एका इंजेक्शनमुळे त्या पूर्वी मरता मरता वाचल्या होत्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी त्याचं नाव लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी मला दाखवली होती. मी ते टाइप केलं आणि विसरलो. स्वतःचीच चीड आली.

मोटरसायकल काढून त्यांच्या गावी गेलो. मावशी दारात उडीद पाखडत होत्या.

"मावशी, ती चिठ्ठी दाखवता का जरा?"

"कामून? तुमी लिवून घेतलं की मशीनीत."

"पुसलं गेलं."

मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. "तुमीच म्हनले, आता कुटंबी सांगायची गरज न्हाय. मग टाकली चुलीत."

"ज्यांनी दिली ते डॉक्टर?"

"वारले की कवाच. जाऊ द्या, तुमाला तर ठावं हाय नव्हं?"

मला आठवत नाही, हे सांगताना मान वर झाली नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं.

आता मी क्लोनचाही बॅकअप घेतो. मावशींच्या नावापुढे मी लिहिलंय : एक इंजेक्शन चालत नाही, कोणतं ते माहीत नाही.