अर्धं शेअरात, अर्धं रोख्यांत

२००८, दिवाळीनंतरचा रविवार. साखरा. हजर: थोरली बहीण अक्का, तिची मुलगी सुनीता, मेंढरांवर कात्री चालवणारे अक्काचे दीर, आणि मी, मंगल.

त्या दिवसाचं सगळं सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी मी काय केलं, ते मात्र आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुम्हालाच पहिल्यांदा.

भाऊजी गेल्यावर अक्कानं निम्मी मेंढरं विकली. सुनीताला नर्स करायचं होतं, त्यासाठी. मी हिंगोलीत नोकरीला, याद्या करण्यात पटाईत. मीच अक्काला म्युच्युअल फंडाकडं वळवलं आणि माझेही पैसे घातले. नियम दोघींनी मिळून केला. अर्धे शेअरच्या फंडात, अर्धे रोख्यांच्या. वर्षातून एकदा, मेंढरांच्या कातरणीला, जी बाजू फुगली असेल तिच्यातून काढून दुसरीत टाकायचे. दोन्ही बराबर. मनाला विचारायचं नाही. कातरणीचाच दिवस का? अक्का कळपाचंही त्याच दिवशी ठरवते — वाडग्याच्या कुंपणात मावत नाहीत ती विकायची, रोगानं कमी झाली तर नवी घ्यायची.

त्या वर्षी शेअर कोसळले होते. म्हणजे नियमानं, सुरक्षित रोख्यांतले पैसे काढून बुडत्या बाजूला टाकायचे! आकडे वाचून दाखवताना मी अडखळले.

"मावशी, तोंड बघ तुझं. मेंढी सोडून तुझीच कातरणी झाल्यावानी!" सुनीता हसली.

अक्का मेंढीचे पाय धरून बसली होती. "नियम केला तवा डोकं थंड होतं ना आपलं? मग आता काहून भिऊन राहिली? आण इकडं."

पदराला हात पुसून तिनं पैसे हलवायच्या अर्जावर सही केली. पोरीचं सगळं पुढचं त्यात होतं — आणि हात जराही हलला नाही. मी बघतच राहिले. मग मीही माझ्या अर्जावर सही केली.

सोमवारी हिंगोलीत एजंटकडं गेले. अक्काचा अर्ज दिला. माझा — दिला नाही.

कळतंय ना? पैसे बुडणार, अशी माझी खात्री होती. मग अक्काचा का दिला? तिला थांबवायचं तर मी घाबरले हे सांगावं लागलं असतं. तेवढंही जमलं नाही. बहिणीच्या लेकराची फी पाण्यात जातेय असं मानून मी ती जाऊ दिली, आणि माझे पैसे काठावर ठेवले. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "दोघींचे दिले." बुडाले असते तर? तर म्हणाले असते, माझेही बुडाले. तेही तयार होतं.

पण पुढच्या कातरणीपर्यंत शेअर वर आले. अक्काचे आकडे बघताना अंगावर काटा आला. थंड डोक्यानं केलेला साधा नियम, भर पडझडीत तो बरोबर होता. आणि त्याच्यावर एका बाईनं स्वतःच्या पोरीचं भविष्य शांतपणे सोपवलं होतं. याहून मोठं काही मी पाहिलेलं नाही.

सुनीता नर्सिंगला गेली. अक्का आल्यागेल्याला सांगते, "मी एकटीनं न्हाई केलं असतं. मंगलचे पैसेबी होते ना संगं, म्हणून हात हलला न्हाई."

मी तेव्हा चहा ठेवायला उठते.

माझ्या दोन बाजू अजून बराबर केलेल्या नाहीत. अक्काला सांगायचं राहिलंय.