दोराच्या टोकाची गाठ

कृष्णाकाठच्या माणसाला पोहता येतं का, असं कुणी विचारत नाही. जेवता येतं का, असं कुणी विचारतं का? वाईच्या घाटावर सहाव्या वर्षी काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पाण्यात ढकललं, तेव्हाही माझं मत कुणी घेतलं नव्हतं. कराडला इंजिनिअरिंगला गेलो, तर आमच्या टोळक्यातले आणखी तिघे असेच नदीकाठचे, डबा नाहीतर भोपळा बांधून ढकललेले. पाचवा माझा रूम पार्टनर. तो आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्याच्या गावात पाऊस पाहुण्यासारखा यायचा आणि चहा न घेताच जायचा.

रविवारी आम्ही संगमावर पोहायला जायचो. तो काठावर बसून आमचे कपडे सांभाळायचा. "आळशी गडी," आम्ही म्हणायचो. तीन वर्षं त्यानं कपडे सांभाळले आणि तीन वर्षं आम्ही त्याला आळशी म्हटलं. आमच्या अकलेची झेप एवढीच होती, आणि आम्ही इंजिनिअर होणार होतो.

दोरावर मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचे वडील मेंढरांच्या जोडीला आटलेल्या विहिरींतला गाळ काढायचं काम करायचे, आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून तोही त्यांच्याबरोबर उतरायचा. दहा परस, म्हणजे पन्नास-साठ फूट खोल विहिरीत सरसर जायचा, म्हणे. त्यामुळे शेवटच्या वर्षी दसऱ्यानंतर महाबळेश्वरच्या उतारावरच्या एका धबधब्यातून रॅपलिंग करत उतरायचं ठरलं, तेव्हा आमचा सगळा भरवसा त्याच्यावर. दोर, कमरेचे पट्टे आणि दोर ओवायच्या आठाच्या आकाराच्या कड्या एका सीनियरकडून मागून आणल्या. आमच्यातल्या एकानं हे आधी एकदा केलं होतं, म्हणून तो म्होरक्या.

एसटीत माझ्या रूम पार्टनरनं मला हळूच विचारलं, "खाली पानी किती असंल रं?"

"तुमच्या तालुक्याला दोन वर्षं पुरेल एवढं," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. सगळ्यांनी दात काढले. तोही हसला आणि खिडकीबाहेर बघत बसला. पुढचं विचारायचं त्याच्या तोंडातच राहिलं.

धबधब्याचे तीन टप्पे होते. पहिल्या दोन टप्प्यांत खाली खडक होता, पाय टेकायला जागा होती. तिथं तो आमच्या सगळ्यांपेक्षा सफाईनं उतरला. तिसरा टप्पा थेट डोहात पडत होता. म्होरक्यानं नीट समजावून सांगितलं. दोराचं टोक डोहाच्या वर पुरुषभर उंचीवर राहील एवढाच दोर खाली सोडायचा आणि टोकाला गाठ मारायची नाही. टोक आलं की दोर आपोआप कडीतून निसटतो, माणूस डोहात पडतो आणि चार हात मारून काठाला लागतो. धारेखाली लटकत कडी सोडवत बसायची वेळ येत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानंही डोलावली.

तिघं एकामागून एक उतरले. पाठीवरच्या सॅकाही त्यांच्याबरोबर खाली गेल्या. वर आम्ही दोघंच उरलो. त्यानं दोर वर ओढून घेतला आणि टोकाला गाठ मारायला लागला.

"अरे, गाठ कशाला?"

"सवय हाय गड्या. आमच्यात गाठीबिगर कोन हिरीत उतरत न्हाई. बा शिव्या घालंल."

त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं थंडीनं. मी भिजून कुडकुडत होतो, पोटात कावळे ओरडत होते आणि भाकऱ्या खाली सॅकेत होत्या. ती गाठ सोडायला अर्धं मिनिट लागलं असतं. ती का मारायची नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तासाभरापूर्वीच ऐकलं होतं. "मार बाबा, पण उतर लवकर," मी म्हणालो.

तो कड्यावरून दिसेनासा झाला. आधीचे तिघं उतरले तेव्हा थोड्या वेळानं दोर सैल पडला होता. या वेळी तो ताठच राहिला. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी कड्यावर पालथा पडून खाली पाहिलं. टोकाची गाठ कडीत रुतली होती आणि तो ऐन धारेखाली लटकत होता. डोक्यावर पाणी कोसळत होतं. हात कडीशी झटापट करत होते. खाली तिघं पोहत त्याच्याकडं जात होते आणि पाणी त्यांना बाहेर फेकत होतं. पोचले असते तरी पोहता पोहता त्याला उचलता आलं नसतं.

चाकू सॅकेत आणि सॅक खाली. झाडाला बांधलेला दोर त्याच्या वजनानं असा आवळला होता की माझी नखं तुटली, पण तो सुटला नाही. शेवटी मी दोर खडकावर धरून दगडानं ठेचायला लागलो. किती वेळ ठेचत होतो ते मला आजही सांगता येत नाही. सुरुवात केली तेव्हा त्याचे हात हलत होते. मधे एकदा पाहिलं, तेव्हा ते खाली लोंबत होते. त्यानंतरही बराच वेळ दोर तुटला नाही.

तुटला तेव्हा तिघांनी त्याला काठावर ओढलं. छाती दाबली, तोंडात हवा भरली. काही उपयोग झाला नाही.

पोलिसांना म्होरक्यानं सांगितलं, "गाठ मारू नका म्हणून मी बजावलं होतं." ते खरंच होतं. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "त्यानं गाठ कधी मारली मला दिसलं नाही." कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे मला त्या दिवशी फार सोयीचं पडलं.

ते दिवस मोबाइलच्या आधीचे. निरोप पोचून त्याचे वडील यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. लाल पटका, खांद्यावर घोंगडं. सुट्टीत त्यांच्या घरी मी पोटभर मटण खाल्लं होतं, त्यामुळे दवाखान्याच्या व्हरांड्यात ते सरळ माझ्याकडं आले. रडले नाहीत. दोर कुठं आहे, एवढंच विचारलं. तो बाकाखाली पडला होता. त्यांनी टोक शोधून हातात घेतलं आणि अंगठ्यानं गाठ चाचपली.

"ही त्यानं मारली व्हय?"

"हो."

"आमचीच गाठ हाय. म्याच शिकीवली. त्याला पवाया येत न्हवतं रं. आमच्यात पानीच न्हाई, शिकनार कुटं?" मग गाठीवरून पुन्हा अंगठा फिरवत ते म्हणाले, "म्हंजी माज्याच गाठीनं गेला."

मी ती पाहिली होती, मी ती सोडायला लावली नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण शेजारी मित्र उभे होते, दारात हवालदार होता आणि मी भित्रा होतो. शब्द गिळून टाकले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू जिवाला लावून घिऊ नगंस पोरा. तुजी काय चूक?"

मी मान डोलावली.

त्यानंतर ते बारा वर्षं जगले. कराडहून आटपाडीला एसटी रोज जायची.