शब्दाला वजन

कामतघरला लूमच्या कारखान्यात कापडाच्या घड्या घालता घालता मी भाव करायला शिकलो. पुढे सुताचा धंदा उभा केला, कोणापुढे हात न पसरता. आमच्याकडे भाव ओरडूनच होतो. दोघेही एकमेकांचा उद्धार करतात, मग एकजण उठतो, चपला घालतो, दारापर्यंत जातो आणि मागून आवाज येतो, "बस रे, चाललास कुठं?" त्या हाकेनंतर ठरतं तेच खरं. हाक येणार हे माहीत असतं, म्हणूनच माणूस उठतो.

दोन हजार सालानंतर आमच्या बाजूला गोदामं आली. शेतं विकून लोकांच्या हातात पैसा खेळू लागला आणि खारबावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या नाक्यावर एका बंदुकीच्या दुकानाचा भलामोठा फ्लेक्स लागला. पांढरा सदरा, गळ्यात जाड साखळी, कमरेला रिव्हॉल्व्हर लावलेला एक मिशीवाला, आणि खाली अक्षरं: 'आता तुमच्या शब्दाला वजन.'

माझा धाकटा भाऊ गावच्या घरात राहायचा. मवाळ माणूस. जमिनीचं काहीही असलं की मी बोलायचो आणि तो मान हलवायचा. आमचं कधी बिनसलं नाही. एकदा माझ्या गाडीतून जाताना त्याने तो फ्लेक्स बोट करून दाखवला.

"दादा, वाचलंस काय? शब्दाला वजन."

"वजन पायजे तर गल्यात धोंडा बांध," मी म्हटलं.

तो हसला. पण मान वळवून मागे बघत राहिला. पुढच्याच महिन्यात त्याने रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केल्याचं त्याच्या बायकोने मला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. भावाला सांगून उपयोग नव्हता; तो मान हलवणार आणि अर्ज तसाच ठेवणार. म्हणून मी फ्लेक्सच्याच मागे लागलो. पालिकेतला कारकून म्हणाला, "जागेचं भाडं भरलंय त्यांनी. वर काय छापलंय ते आमच्याकडे येत नाही." पोलीस चौकीतल्या साहेबांनी चहा मागवला. "दुकान परवान्याचं, माल परवान्याचा. चित्रातून गोळी सुटत नाही, शेठ."

"दारूवाल्याला जाहिरातीत बाटली दाखवता येत नाही, तो सोडा दाखवतो," मी आवाज चढवला. "आणि हा उघड रिव्हॉल्व्हर दाखवून सांगतो की याच्यामुळे माणसाला किंमत येते. त्याला कोणी विचारायचं?"

"चहा घ्या, गार होतोय."

शेवटी मी थेट दुकानात गेलो. फ्लेक्स उतरवण्याचा काय भाव, ते विचारलं. दुकानदार ओरडला नाही, घासाघीसही केली नाही. "शेठ, एक काढाल तर दुसरा छापू," एवढंच हसून म्हणाला. ओरडणाऱ्या माणसाशी मी दिवसभर झुंजेन. हसणाऱ्याशी कसं झुंजायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही.

भावाला परवाना मिळाला.

वडिलांच्या जमिनीची वाटणी करायला आम्ही गावी चटईवर बसलो. रस्त्याकडचा तुकडा मला हवा होता; तिथे गोदाम बांधायचं कधीपासून डोक्यात होतं. भावाने कमरेची वस्तू काढली आणि पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. "बसताना टोचतंय," तो म्हणाला. त्याने ती माझ्यावर रोखली नाही. कोणावरच कधी रोखली नाही. हे मी कोर्टातसुद्धा सांगेन.

"रस्त्याकरचा मना पायजे, दादा," तो हळूच म्हणाला.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला, पण तो माझा वाटेना. मग सवयीने उठलो, चपला घातल्या आणि उंबऱ्यापाशी गेलो. तिथे थांबलो. भावाची बायको खाली बघत होती. मागून हाक आली नाही. भाऊ नुसता बसून होता, फ्लेक्सवरच्या माणसासारखा.

चपला काढून मी परत चटईवर बसलो. तो म्हणाला त्याला हो म्हटलं.

"पानी घे, दादा," त्याने तांब्या पुढे सरकवला. त्यासाठी आधी ती वस्तू उचलून बाजूला ठेवावी लागली.

परत येताना नाक्यावर गाडी हळू केली. फ्लेक्स आता दोन्ही बाजूंनी लावला होता, येणाऱ्याला दिसेल आणि जाणाऱ्यालाही.