अर्थिंगच्या बोल्टवरचा हिरवा रंग

खंडेनवमीला हत्यारं रंगवायची हौस माझ्या वडलांची. ते पाभर न् कुळव रंगवायचे, मी वेल्डिंगचं मशीन रंगवलं. वडगाव रासाईच्या रस्त्याला माझं पत्र्याचं वर्कशॉप होतं. दसरा झाला की उसाच्या ट्रॉल्या दुरुस्तीला लागायच्या, त्याआधी मशीन नवरीसारखं दिसलं पाहिजे, हा माझा हट्ट. शिरूरहून हिरवा ऑइल पेंट आणून चांगले दोन हात मारले. कोपरे नीट यावेत म्हणून मागच्या वायरीसुद्धा सोडल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं की! माझ्या हौसेचं मोल दुसऱ्यांनी दिलं.

पूजा झाली, झेंडूची माळ चढली, दुसऱ्या दिवशी वायरी परत जोडल्या. त्यातली एक अर्थिंगची. आतली वायर उघडी पडून मशीनच्या पत्र्यात करंट उतरलाच, तर तो जमिनीत न्यायचा आणि फ्यूज उडवायचा, एवढंच तिचं काम. ती मी घट्ट आवळली, पण वाळलेल्या रंगावरच. रंगातून करंट जात नाही हे मला माहीत नव्हतं म्हणावं, तर ट्रॉलीचा रंग खरवडल्याशिवाय मी कधी एक टाका मारला नाही. अक्कल होती, वापरली नाही.

अर्थिंगचा खड्डा वायरमन आप्पांनी केलेला. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, पण वायरीवर हात असा बसलेला की 'आप्पांनी केलंय' म्हटलं की पुढं कोणी काही विचारत नसे. कोळसा, खडं मीठ, मधोमध पाइप असा खड्डा भरून जाताना मला म्हणाले होते, "रोज एक बादली पाणी वत. जमीन कोरडी पडली की करंट घेत न्हाई."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी माझ्याच हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्यानं करंट वाढवायला मशीनच्या चाकाला हात घातला. घामानं निथळत होता. ओरडला नाही, चिकटलाच. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तसा तो ट्रॉलीच्या हुकावर आदळला. मनगट मोडलं, दोन बोटं भाजली. जीपमध्ये डोळे उघडून मला म्हणाला, "दाजी, हात हाय का माझा?"

शिरूरच्या दवाखान्यात हात वाचेल म्हणाले. तोवर गावात सुरू झालंच होतं, "आप्पाचं अर्थिंग कच्चं. म्हातारा झाला आता."

दुपारी एकटाच वर्कशॉपवर आलो आणि अर्थिंगचा बोल्ट खोलला. खाली हिरवागार रंग, साधा ओरखडासुद्धा नाही. पॉलिश पेपर घेतला, लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं आणि बोल्ट परत आवळला. रंगवताना झाली ती चूक होती. पाप मी त्या दुपारी केलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा सायकलवर आले. मशीन उघडलं तर आत एक वायर घासलेली. "हे मशीनचं दुखणं," म्हणाले, "पन माझ्या अर्थिंगनं फ्यूज उडवायला पायजे व्हता." टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला, दुसरी मशीनच्या पत्र्याला लावली. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग चोख. पेटणारच, मी घासून ठेवलं होतं ना!

"कुठं हात लावला व्हता का रं?"

"न्हाई, आप्पा."

मग त्यांनी खड्डा उकरायला घेतला. मला कुदळ दिली नाही. कोळसा ओला, पाइप शाबूत, जोड घट्ट. उन्हात खड्ड्याच्या काठावर बसून ते हातातल्या कोळशाकडं बघत राहिले. "समदं ठीक हाय. मग चुकलो कुठं रं मी?"

"काय म्हाईत, आप्पा," मी म्हणालो.

खड्डा बुजवून ते थेट मेहुण्याला भेटायला गेले. मी मागं मागं. सत्तरीचा माणूस, त्यानं खाटेजवळ वाकून माझ्या मेहुण्याच्या पायाला हात लावला! "माझ्या हातनं झालं बाबा, माफ कर." मेहुण्यानं पाय ओढून घेतले, "आप्पा, आवं काय करताय!" म्हणून रडायलाच लागला. मी दारात उभा होतो. जीभ झडली होती का माझी? नव्हती. मला माझ्या नावाची भीती होती, बस. पुढं कधी सांगायचं ठरवलं नाही असं नाही, दर वेळी तोंडाशी आलं आणि गिळलं.

शिमग्यापर्यंत मेहुण्याचा हात बरा झाला, त्यानं परत वेल्डिंगचा होल्डर धरला. आप्पांनी मात्र पक्कड हातात धरली नाही. कोणी बोलवलंही नाही म्हणा. भावाची मेंढरं होती, त्यांच्यामागं जायला लागले.

वर्षभरानं नदीकडच्या रस्त्याला भेटले. पुढं मेंढरं, खांद्यावर घोंगडी. मी मोटारसायकल थांबवली. आज सांगायचंच, असं मनाशी म्हणत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "पानी वततो न्हवं रोज?"

"वततो, आप्पा," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.