मटिल्डाचं वाक्य

भुईगावच्या सणाला नाटक व्हायचं आणि त्यात बाईची भूमिका आग्नेल टेलर करायचा. घरच्या मुली तेव्हा स्टेजवर जात नसत. आग्नेल चाळिशीला टेकला होता, पण पदर सावरून मान वळवली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हळहळायच्या.

अठ्ठ्याहत्तर साली शेजारच्या व्हिन्सेंटची मटिल्डा त्याच्याकडे लग्नाच्या झग्याचं माप द्यायला आली. व्हिन्सेंट केळीचा बागायतदार, शब्दाचा कडक. पोर एकोणीस वर्षांची. खांद्याचं माप घेताना ती हळूच म्हणाली, "आग्नेलकाका, तुम्ही सांगा ना बाबाला. मला आत्ता लग्न नको. मला नर्स व्हायचंय."

"लग्न झालं की सगळं अंगवळणी पडतं," आग्नेल म्हणाला आणि त्याने कमरेला टेप लावला.

पाचव्या दिवशी सकाळी मटिल्डा वाडीतल्या बावखलात, केळीला पाणी द्यायच्या तळ्यात, तरंगताना सापडली. पाय घसरला असेल, असं गावाने ठरवून टाकलं. त्यानंतर तिचं नाव कुणी काढेना. व्हिन्सेंटच्या घरी तर भिंतीवरचा फोटोही उतरला.

आग्नेलला मात्र ती सोडेना. कुणाच्याही खांद्यावर टेप ठेवला की कानाशी आवाज यायचा, "तुम्ही सांगा ना." तो दचकून वळायचा. मागे कुणी नसायचं. अर्धवट शिवलेला झगा पेटीत होता. तो फेकायला बायको, एमिली, कितीदा सांगायची. त्याचा हात धजत नव्हता.

ऐंशी साली थॉमस मास्तरांनी नवं नाटक लिहिलं. बाप मुलीचं लग्न जबरदस्तीने ठरवतो, मुलगी विनवते, शेवटी बाप विरघळतो. मास्तरांच्या मनात कोण होतं, ते तालमीत कुणी विचारलं नाही. विनवणीच्या वाक्याशी आग्नेल रोज अडखळायचा.

"मास्तर, हे काम दुसऱ्याला द्या."

"दुसरा आहे कोण?" मास्तर म्हणाले.

सणाच्या दिवशी चर्चमधली दुपारची मिस्साची प्रार्थना सुटल्यावर पडदा उघडला. व्हिन्सेंट तिसऱ्या रांगेत होता. विनवणीचा प्रसंग आला आणि आग्नेल गप्प झाला. विंगेतून मास्तरांनी दोनदा वाक्य पुरवलं. त्याला ते ऐकूच आलं नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही सांगा ना बाबाला. मला नर्स व्हायचंय."

नाटकात काका नव्हताच.

व्हिन्सेंट उठला. आता हा स्टेजवर चढून मारणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो जागेवरूनच म्हणाला, "तुझ्याकडे आली होती?"

"आली होती," आग्नेल म्हणाला.

"मग?"

"मी माप घेतलं."

"माझ्याकडे पण आली होती," व्हिन्सेंट म्हणाला. "मी ताटावरून उठून गेलो."

बायकांत कुणीतरी हुंदका दिला, मग सगळा मांडव रडू लागला. दोन वर्षं कोंडलेलं नाव लोक मोठ्याने घेत होते. नाटक तिथेच थांबलं.

पुढच्या रविवारी व्हिन्सेंटने मटिल्डासाठी मिस्सा सांगितली. तीन वर्षांनी त्याची धाकटी, सालोमी, मुंबईला नर्सिंगला गेली. बाप स्वतः पोचवायला गेला. आग्नेलच्या कानातला आवाज मात्र थांबला नाही. फक्त तो आता दचकत नसे, हातातलं काम ठेवून ऐकत बसे.

त्याआधी, एक्क्याऐंशीचा सण जवळ आला तेव्हा मास्तर व्हिन्सेंटकडे गेले. "ते नाटक नको करायला," ते म्हणाले.

"अर्धं राहिलंय," व्हिन्सेंट म्हणाला. "पुरं करा."

मांडवाचे खांब पुरायला तो स्वतः आला. या वेळी आग्नेलने लिहिलेलीच वाक्यं म्हटली. शेवटी स्टेजवरच्या बापाने मुलीला पोटाशी धरलं, टाळ्या पडल्या, लोक उठले. व्हिन्सेंट एकटाच खुर्चीवर बसून मिटलेल्या पडद्याकडे बघत होता. आग्नेल रंग न पुसताच खाली उतरला आणि त्याच्या शेजारी बसला. माणसं खुर्च्या गोळा करत होती. या दोघांना कुणी उठवलं नाही.