तेराचं ॲव्हरेज

रविवार, ९ डिसेंबर २००१, सकाळी सव्वाआठ. हजर: बाबा, आई, धाकटा भाऊ, मिस्त्री आणि मी. गैरहजर: माझे मिस्टर. त्यांना यात पडायचं नव्हतं. ठिकाण: हिंगोलीतल्या बाबांच्या घरासमोरची मोकळी जागा, आणि तिच्या मधोमध गाडी.

गाडी सत्तावन्न सालची, काळी, गोल पाठीची. बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते तेव्हा त्यांनी ती एका वकिलाकडून घेतली. आमच्या वस्तीत आलेली ती पहिली मोटार. चौदा एप्रिलला तिला फुलांच्या माळा चढायच्या आणि बाबा दिवसभर इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या आसपास असायचे.

पेट्रोलची वही मात्र माझी होती. मी सातवीत असल्यापासून. मीटर मैलांचा, किलोमीटर मी करायची. किती मैल झाले, टाकीत किती टाकलं, टायरमध्ये हवा किती, मागे किती माणसं बसली, वारा समोरून होता का, सगळं त्यात. पेट्रोलचा काटा पहिल्यापासून मेलेला, म्हणून टाकी मोजायची पद्धतही मीच बसवली होती. स्टीलच्या पट्टीवर खडू चोळायचा, पट्टी टाकीत उभी सोडायची, वर काढली की खडूवर ओली रेघ दिसते. टाकी चौकोनी होती. एक सेंटिमीटर म्हणजे पावणेदोन लिटर, हे मी मापानं ओतून ठरवलं होतं.

एवढं सगळं मी केलं आणि गाडी चालवायला आधी शिकवलं कुणाला? धाकट्याला. तो सोळाचा होता, पाय कसाबसा क्लचला पुरायचा. मी तेव्हा वीस वर्षांची. मागच्या सीटवर बसून त्याचे मैल लिहीत होते. मला स्टेअरिंग मिळालं ते लग्नानंतर, तेही मीच हट्ट धरला म्हणून. सासर गावातच, दोन गल्ल्या पलीकडे. म्हणून हट्ट धरणं जमलं.

२००१ साली बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं. आता गाडी कुणाची? सगळ्यांनी धाकट्याची असं धरूनच ठेवलं होतं. मी एका संध्याकाळी म्हटलं, "मला पण पाहिजे." आई म्हणाली, "पोरीच्या जातीला काय करायची गं गाडी?" धाकटा हसला. त्याच्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. आवाज चढले. शेवटी बाबा म्हणाले, "काहून भांडून राहिले? गाडीचे काही दोन तुकडे होत न्हाईत. ज्याच्या हातात ती जास्त ॲव्हरेज देईल त्याची. वही आहे ना तुझी? मग झालं."

बाबा एकदा बोलले की त्यात बदल नसे. अट अशी ठरली: हिंगोलीहून नरसीवरून पुसेगावला जाऊन परत. एकट्यानं. मिस्त्रीनं दोघांच्याही फेरीआधी प्लग साफ करायचे. माप पट्टीनं, बाबांच्या समोर.

माझी फेरी २ डिसेंबरला झाली. बावन्न किलोमीटर, लिटरला दहा पूर्णांक दोन. वहीतल्या पंधरा वर्षांत दहाच्या वर गाडी तीनदाच गेली होती, तेव्हा मी खूश होते. पण खुशी बुधवारपर्यंतच टिकली. बुधवारी मिस्त्री माझ्याशी बोलता बोलता म्हणाला, "आपा, भाई का पाँव एकदम हल्का है. गाडी को मालूमच न्हाई पडता." एवढं बोलून तो निघून गेला. मी रविवारपर्यंत त्या पायाचा विचार करत होते.

तर नऊ तारीख. सुरुवातीचं माप माझ्या पट्टीनं झालं. धाकट्यानं गॉगल लावला, आईच्या पाया पडला, जणू दिल्लीला निघाला होता. "ताई, लिहून ठेव, बरं का! नीट लिही!" म्हणाला आणि गाडी अशी हळूच सोडली की दारातलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. तो वळणाआड जाईपर्यंत मी बघत होते. हलका पाय दिसत होता. हा जिंकणार, असं मला तिथेच वाटलं.

मी पट्टी पुसली, पर्समध्ये टाकली आणि भाजी बघून येते म्हणून घरी गेले. पट्टी कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप लावलं. माझा हिशोब सरळ होता: पट्टी नाही तर माप नाही, माप नाही तर आजची फेरी बाद, आणि पुढच्या रविवारपर्यंत काहीही होऊ शकतं. हे मी घाईत केलं असं म्हणता येणार नाही. किल्ली मी डाळीच्या डब्यात लपवली होती.

पावणेअकराला धाकटा आला. घामाघूम, खूश. बाबा म्हणाले, "पट्टी दे."

"घरी राहिली, बाबा."

"मग आण की. दोन गल्ल्या तर आहेत," धाकटा म्हणाला.

"कपाटात आहे. किल्ली यांच्याकडं, आणि हे औंढ्याला गेलेत."

"सकाळी तर गावातच दिसले की!"

"आता गेले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. शेजाऱ्यांच्या म्हशीसमोर कडब्याची पेंढी पडली होती. बाबा गेले, तिच्यातून ज्वारीचं एक सरळ धांड उपसलं, पानं ओरबाडून काढली आणि टाकीत उभं सोडलं. वर काढून ओलं जिथं संपलं तिथं नखानं खूण केली. आईची शिवणाची टेप आली. बाबांनी धांडाला टेप लावली आणि आकडा सांगितला. मी वहीत भागाकार केला. दोनदा केला.

"किती?" धाकट्यानं विचारलं.

"तेरा."

"तेरा!" मिस्त्री ओरडला. "या अल्ला, तेरा! नई गाडी को लाज आणली!"

धाकट्यानं बॉनेटवर थाप मारली. बाबांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून त्याच्या हातात दिली. आई साखर आणायला आत गेली. मी "छान झालं" म्हणाले, आणि साखर खाल्ली. मी घरी आले. मिस्टरांनी मला औंढ्याबद्दल काहीतरी विचारलं, त्यावर मी भांडी घासायला घेतली.

तेरा हा आकडा मला पटेना. हलका पाय मान्य, पण तीनचा फरक? गुरुवारी मी बाटलीभर पेट्रोल आणलं, स्टीलच्या डब्यात ओतलं आणि कडब्याचं एक वाळकं धांड त्यात उभं केलं. शेजारी माझी पट्टी. मिनिटभरात धांडावरचं ओलं पट्टीवरच्या रेघेच्या वर चढलं. सात मिलिमीटर वर. आतला भुसभुशीत गर पेट्रोल ओढून घेत होता. मी तीन धांडं तपासली. तिन्ही सात-साडेसात. टाकीत होतं त्यापेक्षा जास्त उरलेलं दिसलं होतं, म्हणून त्यानं कमी जाळलं असं निघालं. खरा आकडा काढला: नऊ पूर्णांक नऊ.

मी जिंकले होते.

वही घेऊन मी बाबांच्या घराच्या दिशेनं निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले. पट्टी कुठे होती, हे बाबा विचारणार. उत्तर माझ्याकडे एकच होतं. मी कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन परत आले.

पुढची वर्षं गाडी धाकट्याची. दर रविवारी ती माझ्या गल्लीतून जायची आणि तो मुद्दाम हॉर्न द्यायचा. माझी लेकरं धावत बाहेर जायची. मी खिडकी लावून घ्यायची. बाबा पुढच्या सीटवर असायचे, आणि मला ते सहन व्हायचं नाही. पण धाकट्याला एक गोष्ट लागली होती. गाडी पुन्हा तेरा द्यायला तयार नव्हती. कार्ब्युरेटर साफ केला, जेट बदललं, प्लग दोनदा, टायर नवे. मागची सीट काढून टाकली, वजन कमी म्हणून. आई फिरायला यायची बंद झाली. साडेनऊ, नऊ, दहा.

तो फोन करायचा. "ताई, बघ ना वहीत, त्या दिवशी हवा किती होती?"

"अठ्ठावीस."

"आणि वारा?"

"समोरून."

"समोरून असून तेरा! माझा हातच गेला गं. बाबा बसतात शेजारी, विचारतात किती दिलं. मी आपला गप."

मी वहीतून त्याला सगळं खरं वाचून दाखवत असे, फक्त धांडाचं पान सोडून. खोटं कशाला बोलू, फोनवर तो कष्टी ऐकू आला की मला बरं वाटायचं.

बाबा २००६ला गेले. पुढच्या वर्षी धाकट्यानं इंजिन उतरवलं. पिस्टन घासले असतील, मिस्त्रीचा अंदाज. बाबांच्या वेळचे पिस्टन निघाले, नवे बसले. गाडी दहा द्यायला लागली आणि धाकटा ओट्यावर बसून म्हणाला, "बाबांच्या समोर एकदा तरी परत तेरा काढायचं होतं मला." भावजय आत चहा करत होती. आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "टायरमध्ये हवा तीस करून बघ."

त्यानं मान डोलावली आणि हवेचा पंप आणायला उठला.

त्याला अजून सांगायचं राहिलंय.