चित्र सांग, ताई

लॅबमध्ये सगळे तिला कवळीबाई म्हणत आणि तिला त्याचा राग नव्हता. तीस वर्षं ती लोकांचे दात करत आली होती. दंतवैद्याकडून आलेल्या ठशात प्लास्टर ओतायचं, मेणात दात बसवायचे, घासायचे, चावा जुळतो का ते बघायचं. केसाएवढा फरक तिच्या बोटाला कळे. ज्याचे दात त्याचं तोंड तिने कधी पाहिलेलं नसे, आणि त्यावाचून काही अडतही नसे.

घरी ती आणि तिचा धाकटा भाऊ, एवढीच माणसं. भाऊ सेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, शाळेच्या बसवर चालक. तरी त्याचं बारक्या हे नाव काही सुटलं नव्हतं. लग्न का केलं नाहीस, असं कोणी विचारलं की तो म्हणे, "कार्डं ठेवायला कपाट पुरत नाही, बायकोला कुठे ठेवू?"

कार्डं म्हणजे राक्षसांची, राण्यांची, जादूगारांची. वर रंगवलेलं चित्र, खाली आकडे: बोलवायला किती ताकद खर्च होते, मारा किती, बचाव किती. दोघांचे आपापले कॅट होते, आणि वीस वर्षं दर रविवारी दुपारी जेवणाचं टेबल पुसलं की लढाई सुरू व्हायची. पाचातले चार डाव ताई जिंके. बारक्या मात्र थाटात हरायचा.

"आला बघ दलदलीचा राखणदार! अंगावरून शेवाळ गळतंय, श्वासाला कुजका वास मारतोय..."

"बचाव तीन," ताई म्हणायची. "मेला. पुढे."

मग एका सकाळी बारक्याने बस शाळेच्या फाटकाच्या खांबाला घासली. मुलांना खरचटलंही नाही. पण तो खांब त्याला दिसलाच नव्हता. त्याने कोणी सांगायची वाट न बघता किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवल्या आणि चालत घरी आला. डॉक्टर म्हणाल्या, काचबिंदू, दोन्ही डोळे. गेली ती नजर परत येत नाही, उरलेली टिकवायला थेंब घालायचे. उरलेली म्हणजे नळीतून बघितल्यासारखी, आणि ती नळी महिन्या-महिन्याला बारीक होत गेली.

बारीक अक्षर लागेना तेव्हा त्याने कॅट कपाटात टाकला. तीन रविवार ताईने तसेच काढले. चौथ्या रविवारी तिने टेबल पुसलं आणि दोन्ही कॅट बाहेर काढले.

"मी वाचून दाखवते. तुझी पण."

"माझी वाचलीस तर तुला कळतील ना!"

"कळली तर कळली. नाहीतरी मीच जिंकते."

तो हसला आणि बसला. ती वाचू लागली. "गंजका शिपाई. खर्च तीन, मारा चार, बचाव दोन."

"हा नवीन दिसतोय. कसा आहे?"

"शिपाई आहे. गंजलेला."

"अगं, चित्र सांग, ताई! उभा आहे की पळतोय? म्हातारा आहे? मला दिसू दे ना."

ताईने कार्ड उलटसुलट केलं. काय सांगायचं ते तिला खरंच कळेना. "आकडे सांगितले ना. चित्रावाचून काय अडतंय?"

बारक्याने कपाळाला हात लावला. "बरं, डोळे मीट. घोडा आण समोर. आणलास? काय रंग आहे त्याचा?"

"कसला रंग? डोळे मिटल्यावर अंधार असतो."

"राहू दे घोडा. आईला आण."

ताईने डोळे घट्ट मिटले. "आई मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "दिसत नाही."

ती थट्टा करतेय असं समजून तो आधी हसला. मग त्याचं हसू विरलं. "म्हणजे वीस वर्षं तू नुसते आकडे खेळत होतीस? आणि मी कोणाला सांगत होतो सगळं?"

"तू नुसती चित्रं खेळत होतास, म्हणून हरत होतास," तिच्या तोंडून निघून गेलं.

तो भिंत चाचपत आतल्या खोलीत गेला. डाव तसाच टेबलावर राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने लॅबमध्ये प्लास्टरवाल्याला विचारलं, "घोडा म्हटलं की तुम्हाला घोडा दिसतो?"

"दिसतो की. पांढरा. का हो बाई?"

फोन घेणाऱ्या मुलीच्या घोड्याच्या मानेला तर लाल फीत होती. ताईने पाच जणांना विचारलं. पाचांनाही घोडा दिसला. 'डोळ्यांसमोर उभं राहिलं' असं लोक म्हणतात ते बोलण्याची एक पद्धत आहे, असंच ती आजवर समजून होती. सगळ्यांच्या डोक्यात एक खिडकी आहे आणि ती आपल्याकडे नाही, हे पन्नाशी उलटल्यावर कळावं! आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. बारक्याला ती दिसत होती. आपल्याला अकरा वर्षांत एकदाही दिसली नव्हती. त्या दिवशी तिने एकाचे दात दुसऱ्याच्या साच्यात बसवले आणि ते प्लास्टरवाल्याच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

संध्याकाळी तिने लॅबमधलं भिंग घरी आणलं. दिव्याखाली गंजका शिपाई धरला आणि दुरुस्तीला आलेली कवळी बघावी तसा बघितला.

"बारक्या, ऐक. चिलखताचा उजवा खांदा फाटलाय. तोंड उघडं आहे. वरचे पुढचे दोन दात नाहीत. डावा सुळा घासून सपाट झालाय, उजवा शाबूत."

आत खाट करकरली. मग बारक्या दारात आला. "एकच सुळा कसा झिजतो?"

"झोपेत दात खात असेल. एकाच बाजूने."

"म्हणजे मनात राग आहे त्याच्या," बारक्या हळूच म्हणाला. "खूप जुना. थांब... हां. दिसला."

तेव्हापासून एका कार्डाला दहा-दहा मिनिटं लागू लागली. ती बघून सांगे, तो ऐकून बघे. सगळं सुरळीत झालं असं नव्हे. काही रविवारी तो पहिल्याच कार्डाला चिडे, "पुरे तुझं मोजमाप!" आणि कार्डं फरशीवर उधळी. ती वाकून एकेक गोळा करी. आपण डोळे मिटून बघायची खटपट तिने गुपचूप बरेच दिवस केली. काळोखाशिवाय काही हाती लागलं नाही.

थंडी सुरू झाली तोवर त्याला उजेड-अंधार एवढंच कळत होतं. एकदा डाव मध्येच थांबवून त्याने विचारलं, "दलदलीचा राखणदार भाला कोणत्या हातात धरतो गं? उजव्या ना?"

तिने कार्ड पाहिलं. "डाव्या."

त्याचा चेहरा उतरला. "मला उजव्यात दिसतोय. कधीपासून कोण जाणे." थोडं थांबून तो म्हणाला, "आतली चित्रंही पुसट व्हायला लागली, ताई. मग आई तरी मला बरोबर दिसतेय कशावरून?"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तो त्याने तसाच राहू दिला. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही.

पुढच्या महिन्यात दुकानात नवी कार्डं आली. ताईने एक पाकीट आणलं, त्यातली दोन बारक्याच्या कॅटमध्ये घातली. त्यातली धुराची राणी डावात त्याच्या वाट्याला आली. ताईने सगळं सांगितलं: राखाडी केस, अर्धवट मिटलेले डोळे, मागे काळसर लोटच्या लोट.

बारक्या मान वर करून बसला. कितीतरी आठवड्यांनी त्याच्या तोंडावर तो जुना थाट आला. "दिसली! पंख पसरलेत तिने. भिंतीला टेकतायत, एवढे मोठे! आहेत ना पंख?"

ताईने भिंग लावलं. पंख नव्हते. उडण्याचं चिन्हही नव्हतं. नुसता धूर होता.

"आहेत," ती म्हणाली.

"मग उडत येते ती. उडणाऱ्याला तुझे जमिनीवरचे शिपाई अडवू शकत नाहीत. मारा पाच, थेट तुझ्यावर!"

ताईकडे अडवायला दोन शिपाई तयार होते. तिने ते तसेच ठेवले आणि आपल्या जिवाचे गुण पाचाने कमी केले. टेबलावर एक राणी होती आणि त्याच्या डोळ्यांपुढे दुसरीच होती. यापुढे असं किती वेळा होणार, तिला माहीत नव्हतं. बारक्या खुर्चीत पुढे सरकला होता.

"हं," ती म्हणाली, "अजून कशी दिसते ते सांग."